कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर सुरक्षितपणे कसा चालवावा: ट्रिगर दाबण्याआधीची तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

इम्पॅक्ट ड्रायव्हर नवीन घेतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. स्क्रूचं डोकं तुटलं. बिट, म्हणजे स्क्रूच्या डोक्यात बसणारं टोक, घसरून नव्या लॅमिनेटवर ओरखडा गेला. स्क्रू प्लायच्या आरपार जाऊन पलीकडे धरलेल्या हातात घुसला. नट इतका आवळला की आता पान्याने सुटत नाही. दुसरं मशीन आणून यातली एकही तक्रार मिटत नाही, कारण बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. लोक आधी ट्रिगर दाबतात आणि मग विचार करतात. या मशीनला तेवढा वेळ द्यायची सवय नाही. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा.

टप्पा १: हातात नेमकं कोणतं मशीन आहे ते ओळखा

दुकानात "इम्पॅक्ट द्या" म्हटलं की तीन वेगळ्या मशीनपैकी कोणतंही समोर येऊ शकतं. मशीनचं तोंड बघा.

पाव इंचाचं, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचं षटकोनी भोक आणि त्यावर मागेपुढे सरकणारी स्प्रिंगची रिंग असेल, तर तो इम्पॅक्ट ड्रायव्हर. अर्ध्या इंचाचा चौकोनी दांडा बाहेर आलेला असेल, तर तो इम्पॅक्ट रेंच, चाकांचे आणि मोठे नट खोलण्यासाठी. आपल्याकडे "इम्पॅक्ट ड्रिल" या नावाने विकलं जाणारं, १३ मिलिमीटर चकचं वायरवालं मशीन म्हणजे खरं तर हॅमर ड्रिल. त्याचा ठोका पुढे, भिंतीच्या दिशेने बसतो. या तिघांशिवाय तीन जबड्यांचा चक आणि त्यामागे आकडे लिहिलेली फिरती रिंग असलेला साधा ड्रिल ड्रायव्हर असतो. ती आकड्यांची रिंग म्हणजे क्लच. ठरलेला जोर आला की तो कटकट करून फिरणं थांबवतो.

इम्पॅक्ट ड्रायव्हरला तसा क्लच नसतो. आत एक जड हातोडा आणि एक ऐरण असते. स्क्रू सहज जात असतो तोवर दोन्ही एकत्र फिरतात. अडथळा वाढला की हातोडा स्प्रिंगवर मागे सरकतो, ऐरणीच्या कानावरून निसटतो आणि फिरण्याच्याच दिशेने पुन्हा येऊन आदळतो. हे मिनिटाला ३,०००पेक्षा जास्त वेळा होतं. गंजलेला नट सोडवताना पान्याच्या दांड्यावर हातोडीने ठोके मारतात, तेच काम इथे आत चालू असतं.

याचा एक फायदा आणि एक धोका आहे. मनगटाला झटका कमी बसतो, हा फायदा. पण त्यामुळेच स्क्रूवर किती जोर पडतोय हे हाताला कळत नाही. १८ व्होल्टच्या बहुतेक मशीनचा कमाल टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, १४० ते १८० न्यूटन मीटर असतो, आणि ४ मिलिमीटरचा साधा लाकडाचा स्क्रू ३ ते ५ न्यूटन मीटरलाही तुटू शकतो. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात.

काही मशीनवर वेगाची १-२-३ अशी बटणं असतात. त्यांनी वेग आणि ठोक्यांचा जोर कमी होतो, पण तो क्लच नव्हे. सुरुवात नेहमी १ वर करा.

टप्पा २: हे काम या मशीनचं आहे का?

लाकडात, प्लायमध्ये लांब स्क्रू घालणं, पत्र्याला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारणं, फॅब्रिकेशनचे नट-बोल्ट खोलणं, गंजलेले स्क्रू काढणं, ही याची कामं.

पुढची कामं याला देऊ नका:

- काँक्रीट किंवा विटेच्या भिंतीत भोक पाडणं. ठोका पुढे बसत नाही, त्यामुळे बिट जळतं आणि भोक होत नाही. भोक हॅमर ड्रिलने पाडा. भोकात गिट्टी (स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग) बसवल्यावर स्क्रू घालायला हे मशीन हलक्या हाताने चालेल.
- स्विचबोर्ड, एमसीबी, मीटर यांचे टर्मिनल स्क्रू. पितळेचे आटे क्षणात मरतात. आटे गेलेल्या टर्मिनलमध्ये वायर सैल राहते, सैल वायर तापते आणि तिथूनच आग लागते. हे काम हातातल्या डिसमिसनेच करायचं, अपवाद नाही.
- किचन ट्रॉली आणि कपाटाच्या बिजागऱ्यांचे छोटे स्क्रू, विशेषतः पार्टिकल बोर्डमध्ये. बोर्डाचा भुगा होतो आणि स्क्रू जागेवर नुसता फिरत राहतो.
- काच, टाइल, ॲक्रिलिक यांवरून आवळायचे स्क्रू.
- गाडीच्या चाकाचे नट शेवटचे आवळणं. ते टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकेच.

सावध: थिनर, एनसी लॅकर, पॉलिश किंवा फेव्हिकॉलसारख्या गोंदाच्या ज्वलनशील प्रकारांचं काम चालू असलेल्या बंद खोलीत हे मशीन चालवू नका. कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये ठिणगी पडतेच. ब्रशलेस असलं तरी ते वाफांच्या जागेसाठी बनवलेलं नसतं. फर्निचरच्या साइटवर सुतार आणि पॉलिशवाला एकाच खोलीत काम करताना दिसतात. त्यांची वेळ वेगळी ठेवायला सांगा.

टप्पा ३: बॅटरी आणि चार्जर

१८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तोच पॅक २० ते २१ व्होल्ट दाखवतो. त्यामुळे "२० व्होल्ट मॅक्स" आणि "१८ व्होल्ट" यांत ताकदीचा फरक नाही. स्वस्त मशीनच्या बॅटरीवर ४८ किंवा ८८ असे मोठे आकडे छापलेले दिसतात. आत बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात. आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा चार्जर जोडण्याची चूक मात्र करू नका. लिथियम सेलला चुकीचा व्होल्ट दिला की पॅक तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो.

अमेरिकेतून कुणी भाऊ-भाचा मशीन आणून देतो, तेव्हा चार्जरची मागची पट्टी आधी वाचा. तिथल्या बऱ्याच चार्जरवर इनपुट फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. पिन बदलणारा ॲडॅप्टर लावून तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला, की पहिल्याच मिनिटाला तो संपतो. पिन बसली म्हणून व्होल्टेज जुळत नाही. त्याच बॅटरीसाठीचा भारतात विकला जाणारा चार्जर घ्या.

चार्जिंगची जागा टाइल किंवा सिमेंटच्या जमिनीवर, भुशापासून आणि कापडांपासून लांब ठेवा. रात्रभर लावून झोपू नका. कामावरून आलेला गरम पॅक अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या आणि मगच लावा. बहुतेक चार्जर ४० अंशांच्या वरच्या तापमानाला चार्जिंगसाठी बनवलेलेच नसतात, आणि विदर्भात एप्रिल-मेमध्ये सावलीतही तेवढं तापमान असतं. तिकडे चार्जिंग सकाळी उरकून घेणं शहाणपणाचं. बंद गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवू नका.

तपासा: पॅक फुगलाय का, कोपऱ्याला तडा आहे का, गोड किंवा केमिकलसारखा वास येतोय का? यांपैकी एकही गोष्ट असेल तर तो पॅक घराबाहेर, जळण्यासारखं काही नसलेल्या उघड्या जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चार्जिंगला लावून "बघू चालतो का" असं करू नका. सुटा पॅक स्क्रूच्या डब्यात टाकू नका. टोकांना स्क्रू लागून शॉर्ट होतो.

टप्पा ४: डोळे, कान, कपडे

चष्मा आधी, मशीन नंतर. बिटचं टोक तुटतं तेव्हा ते खूप कडक पोलादाचं असतं आणि कुठेही उडतं. नंबरचा चष्मा पुरेसा नाही, कारण बाजू उघड्या राहतात. वर छताकडे स्क्रू मारताना भुसा सरळ डोळ्यात येतो, तेव्हा तर बंद बाजूंचा गॉगलच हवा.

कानांकडे आपण सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतो. ठोके चालू असताना कानाशी ९५ डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असतो. कामाच्या जागेसाठीच्या एका प्रचलित हिशेबाने ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला जेमतेम १ तास. बंद वॉर्डरोबच्या आत डोकं घालून काम करताना आवाज आणखी घुमतो. फोमचे इअरप्लग दहा-वीस रुपयांना मिळतात. खिशात दोन जोड्या ठेवा, एक हेल्परसाठी.

गळ्यातला गमछा, ओढणी, शर्टाची सुटी बाही, हातातला दोरा किंवा कडं काढून ठेवा. मोकळे केस बांधा. सैल सुती हातमोजे फिरत्या बिटभोवती गुंडाळले जातात. मोजे घालायचेच असतील तर बोटांना घट्ट बसणारे घाला.

टप्पा ५: बिट निवडा आणि बसवा

इथे घाई करून बरेच लोक पुढचं सगळं काम बिघडवतात.

स्क्रूच्या डोक्याकडे नीट बघा. साधी चौफुली म्हणजे फिलिप्स, आणि जिप्सम स्क्रूला पीएच २ लागतं. चौफुलीच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह, त्याला पीझेड २. दोन्ही बिटं एकमेकांच्या स्क्रूत बसल्यासारखी वाटतात, पण जोर पडला की घसरतात. निवड तुमच्या हातात असेल तर चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू घ्या. थोडे महाग पडतात, पण बिट जवळपास घसरतच नाही.

बिट "इम्पॅक्ट" लिहिलेलंच वापरा. त्याची मान मुद्दाम थोडी लवचिक केलेली असते, ती ठोक्याचा पीळ सहन करते. साध्या संचातलं बिट इथे तडकतं. झिजून गोल झालेलं बिट जपून ठेवू नका. वीस रुपयांचं बिट वाचवताना दोनशे रुपयांचा लॅमिनेटचा तुकडा जातो.

क्रम असा:

१. बॅटरी काढा. दिवसभरात अनेकदा बिट बदलायचं असेल आणि दर वेळी बॅटरी काढणं होत नसेल, तर निदान दिशा बदलणारी दांडी मधोमध आणा. मध्यावर ट्रिगर लॉक होतो. हे कमीत कमी, याच्या खाली नाही.

२. रिंग ओढा किंवा ढकला, तुमच्या मशीनला जसं असेल तसं. बिट शेवटपर्यंत आत घाला, रिंग सोडा.

३. बिट बोटांनी बाहेर ओढून बघा. हाताने निघालं तर ते बसलेलंच नव्हतं.

४. बॅटरी लावा, हवेत हलका ट्रिगर दाबा. बिटचं टोक भोवऱ्यासारखं डोलत असेल तर ते वाकलंय. फेकून द्या.

सावध: २५ मिलिमीटरचं आखूड बिट सरळ मशीनमध्ये घालू नका, बिट होल्डर लावा. १३ मिलिमीटरचा चक जोडणारा ॲडॅप्टर लावून साधं ड्रिल बिट फिरवणं टाळा. भोक पाडायचं असेल तर षटकोनी मागची बाजू असलेलं ड्रिल बिट घ्या.

टप्पा ६: स्क्रूची लांबी, आधीचं भोक आणि शिकंजा

स्क्रू पलीकडे निघणार नाही, हे ट्रिगर दाबण्याआधी मोजून ठरवायचं असतं. १८ मिलिमीटरच्या दोन प्लाय एकावर एक जोडायच्या तर एकूण जाडी ३६. स्क्रू ३० चा घ्या, फार तर ३२ चा. एका प्लायच्या कडेत दुसरी काटकोनात जोडायची असेल तर ५० चा चालतो, कारण आत लांबी असते. डबा हातात घेताना त्यावरचा आकडा वाचा. अर्ध्या वापरलेल्या डब्यात भलत्याच लांबीचे स्क्रू मिसळलेले असतात.

"या मशीनला आधी भोक लागत नाही" हे वाक्य साइटवर खूप ऐकू येतं. मशीनला लागत नसेल, लाकडाला लागतं. ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी प्लायमध्ये अडीच मिलिमीटरचं आणि सागवान, बाभळीसारख्या लाकडात ३ मिलिमीटरचं भोक पाडा. फळीच्या टोकापासून ४० मिलिमीटरच्या आत स्क्रू घालायचा असेल तर भोक न पाडता घालूच नका, फळी तडकते. दोन फळ्या घट्ट चिकटायला हव्या असतील तर वरच्या फळीत स्क्रूच्या जाडीएवढं मोकळं भोक हवं. नाहीतर आटे दोन्ही फळ्यांत एकदम धरतात, मधे फट राहते, आणि ती फट बुजवायला लोक मशीन आणखी चालवतात. तिथेच डोकं तुटतं.

मग तुकडा बांधा. सी-क्लॅम्प, शिकंजा, काहीही, पण दुसऱ्या हाताने मागून धरून नाही. स्क्रू जिथून बाहेर येऊ शकतो त्या रेषेत कुणाचाच हात, मांडी किंवा गुडघा नको. मांडीवर फळी ठेवून स्क्रू मारणारा माणूस कधी दिसला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

भिंतीजवळ काम असेल तर वायरचा विचार करा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली, तसंच दोन बोर्डांच्या आडव्या रेषेत, पाइपातून वायर गेलेली असू शकते. बाथरूम आणि सिंकच्या आसपास पाण्याचे पाइप. शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडा, टेस्टरने सॉकेट तपासा आणि मशीन फक्त रबरी मुठीने धरा. पुढचा धातूचा भाग धरलेला असताना स्क्रू वायरला लागला, तर करंट सरळ हातात येतो.

टप्पा ७: पकड, दिशा आणि ट्रिगर

दांडीची दिशा बघा: पुढे की मागे. उलट्या दिशेने सुरू झालं तर बिट डोक्यावर घासत राहतं.

मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर धरा, म्हणजे तळहात मोटरच्या मागच्या रेषेत येतो. तर्जनी मशीनच्या अंगावर सरळ ठेवा, ट्रिगर मधल्या बोटाने दाबा. असा हात धरला की दाब स्क्रूच्या नेमक्या मागून जातो. मूठ खाली धरली की मशीन वर डोकावतं, बिट तिरकं होतं आणि घसरतं. चौफुली मरण्याचं पहिलं कारण हेच आहे, कमी ताकद नव्हे.

आता क्रमाने:

१. बिट स्क्रूच्या डोक्यात पूर्ण बसवा, मगच ट्रिगर. फिरतं बिट स्क्रूवर नेऊ नका. स्क्रू दोन बोटांनी धरायचा असेल तर अगदी सुरुवातीचे आटे धरेपर्यंतच, ट्रिगर अगदी हळू. त्यापेक्षा चुंबकाचं बिट किंवा पुढे सरकणारी नळी असलेला होल्डर वापरा.

२. दोन-तीन फेरे हळू द्या. स्क्रू उभा जातोय ना ते बघा. तिरका असेल तर काढून पुन्हा घाला. अर्ध्यात गेलेला तिरका स्क्रू मशीनच्या जोराने सरळ होत नाही.

३. दाब आणि वेग एकत्र वाढवा. अंगाचा दाब कायम ठेवून फक्त बोटाने वेग बदलायला शिका.

४. ठोक्यांचा "टर्रर्र" आवाज सुरू झाला की लक्ष स्क्रूच्या डोक्यावर न्या. इथून पुढे ट्रिगर तुकड्या-तुकड्याने दाबा: दाब, सोड, बघ. डोकं लाकडाच्या पातळीला आलं की संपलं.

५. मशीन पूर्ण थांबल्यावरच बिट मागे घ्या.

तपासा: खऱ्या कामाआधी त्याच प्लायच्या टाकाऊ तुकड्यात, त्याच डब्यातले तीन-चार स्क्रू मारून बघा. डोकं आत बुडालं? बोट लवकर उचला. ठोके सुरू व्हायच्या आधीच स्क्रू बसला? मग तो स्क्रू या मशीनसाठी फार हलका आहे, ड्रिल ड्रायव्हर घ्या. काळे जिप्सम स्क्रू विशेष सांभाळा. ते कडक आणि ठिसूळ असतात, शेवटच्या पाव फेऱ्यात डोकं उडतं. फर्निचरच्या वजन पेलणाऱ्या जोडाला ते वापरूच नयेत.

सावध: लांब स्क्रू नुकताच मारलेल्या बिटला हात लावू नका, बोट भाजतं. काम चालू असताना मशीन कमरेच्या हुकाला लावायचं असेल तर दांडी मध्यावर.

टप्पा ८: पत्र्याचं काम

पावसाआधी कोकणात घरोघरी पत्रे बसवायची धावपळ असते आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या सगळ्यात जास्त चुका तिथे होतात, त्यामुळे हे वेगळं सांगतो.

सेल्फ ड्रिलिंग स्क्रूच्या डोक्याला बहुतेक वेळा ८ मिलिमीटरचं षटकोनी सॉकेट लागतं, आतून चुंबक असलेलं घ्या. स्क्रूच्या टोकाला ड्रिलसारखी पाती असते. पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालचा आडवा लोखंडी आधार) मिळून जी जाडी होते, ती पातीच्या लांबीपेक्षा कमी असायलाच हवी. पातीने पलीकडे भोक पडण्याआधीच आट्यांनी धातू धरला, तर स्क्रू मधेच मोडतो.

पूर्ण वेगाने मारू नका. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा मोकळा वेग मिनिटाला ३,०००च्या पुढे जातो. तेवढ्या वेगात टोक घासून लाल होतं, धार मरते आणि मग कितीही दाबलं तरी भोक पडत नाही. अर्धा ट्रिगर, भक्कम सरळ दाब. पाती आरपार गेली की दाब कमी करा. वॉशर टेकताच बोट उचला.

तपासा: रबरी वॉशर लोखंडी टोपीच्या कडेला जरासा फुगून दिसला की बरोबर. बाहेर सांडल्यासारखा पसरला तर जास्त आवळलाय, दोन पावसाळ्यांत रबर फाटून तिथूनच गळती सुरू होईल. बोटाने फिरत असेल तर कमी. शेवटचा पाव फेरा हाताच्या पान्याने दिलात तर उत्तमच. वेळ लागतो, पण घर कोरडं राहतं.

भोकांतून पडलेला लोखंडी किस त्याच दिवशी झाडून काढा. रंगीत पत्र्यावर तो एका सरीत गंजतो आणि डाग कायमचे राहतात.

उंचीवरचं काम म्हणून आणखी काही गोष्टी. शिडीच्या वरच्या पायरीवरून हात लांबवून स्क्रू मारू नका. त्या मशीनला सरळ दाब लागतो आणि बिट घसरलं की तुम्ही त्या दाबासकट पुढे जाता. लोखंडी पत्र्यावर पाय पर्लिनच्या रेषेवर, म्हणजे स्क्रूच्या ओळीवर ठेवा. सिमेंटच्या पत्र्यावर तर थेट उभं राहूच नका. जुना सिमेंट पत्रा वरून धड दिसतो आणि पायाखाली फुटतो. आडव्या जाड फळ्या टाका. पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट अशा जागी अडकवा जी तुमचं वजन पेलेल. मशीनला दोरी बांधा, खाली कुणाला उभं राहू देऊ नका. छपराजवळून विजेची तार गेली असेल तर वीज बंद करून घेतल्याशिवाय चढू नका. लांब पत्रा फिरवताना तो तारेला लागतो. पाऊस आला की काम बंद. हे मशीन पाण्यासाठी नाही आणि ओला पत्रा तर त्याहून वाईट.

टप्पा ९: नट-बोल्ट आवळताना

खोलण्यासाठी मशीन, शेवटचं आवळण्यासाठी हात, एवढा नियम पाळला तरी निम्मं नुकसान टळतं. ८.८ ग्रेडच्या एम ६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या, बोल्टला १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतात. मशीन ते एका श्वासाच्या आत ओलांडतं. नट दोन-तीन फेरे हाताने लावा, आटे सरळ बसल्याची खात्री करा, मशीनने जवळ आणा, ठोके सुरू होताच थांबा, पुढे पाना.

समुद्रकाठच्या घरांना, गोव्यात आणि कोकणात, गंजू नये म्हणून स्टेनलेसचे बोल्ट वापरतात. त्यांची एक खोड आहे: वेगाने फिरवले की आटे तापून एकमेकांना चिकटतात आणि नट मधेच कायमचा बसतो. मग पुढेही नाही, मागेही नाही, बोल्ट कापावाच लागतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावा आणि हळू फिरवा. शक्यतो पूर्ण हातानेच.

सॉकेट, म्हणजे आपली गोटी, काळ्या रंगाची इम्पॅक्टसाठीची घ्या. चकचकीत क्रोमची गोटी ठोक्यांनी तडकते आणि तिचे कपचे उडतात.

टप्पा १०: अडकलेला स्क्रू काढताना

चौफुलीत साचलेला रंग, पुट्टी टोकाने खरवडून काढा. नवीन बिट लावा. गंज असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबा. आधी पूर्ण अंगाने दाबा, मग उलट्या दिशेने छोटे-छोटे ठोके. एखादा ठोका पुढच्या दिशेनेही द्या, गंजाची पकड सुटते. बिट एकदा जरी घसरलं तरी थांबा. तिसऱ्या घसरणीनंतर त्या डोक्यात धरायला काही उरत नाही. मग पक्कड किंवा स्क्रू एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे डोकं मेलेला स्क्रू काढायचं खास बिट.

टप्पा ११: काम संपल्यावर

दांडी मध्यावर, बॅटरी बाहेर, मग बिट. हवेच्या झरोक्यांतला भुसा ब्रशने झाडा. कॉम्प्रेसरची हवा लांबून आणि हलकी मारा. टर्मिनल कोरड्या फडक्याने पुसा. बरेच दिवस काम नसेल तर बॅटरी अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून, मशीनपासून वेगळी, थंड कोरड्या कपाटात ठेवा. पूर्ण रिकामी करून सहा महिने टाकून दिलेली बॅटरी पुन्हा उठत नाही. दिवसभर ठोक्यांचं काम झाल्यावर बोटांना मुंग्या येत असतील किंवा बोटांची टोकं पांढरी पडत असतील तर ते कंपनाने होतं. दुसऱ्या दिवशी काम वाटून घ्या, आणि तक्रार राहिली तर डॉक्टरला दाखवा.

घोड्यावरून (उभं राहायच्या लाकडी-लोखंडी स्टँडवरून) किंवा शिडीवरून मशीन पडलं तर बॅटरी काढून आधी अंगाला तडा आहे का बघा, मग बिट न लावता हवेत फिरवा. खरखर, जळका वास, ट्रिगर सोडल्यावरही फिरत राहणं, किंवा दांडी मध्यावर असताना ट्रिगर दबणं, यातलं काहीही दिसलं तर मशीन दुरुस्तीला. नवीन सरळ बिटसुद्धा तोंडात खूप हलत असेल, तर ऐरण झिजली आहे. ती बदलून मिळते. बदलेपर्यंत ते मशीन शिडीवर नेऊ नका.